उशिराच्या करंज्या

यंदा सोहारला दिवाळी तीन आठवडे उशिरा आली.
दोष पंचांगाचा नाही, रजेचा.
राष्ट्रीय दिनाला जोडून शुक्रवार-शनिवार मिळाले
तेव्हा कुठे जुबैल, दोहा आणि आम्ही
एका टेबलाशी बसायचं ठरलं.

आणि करंज्या तिखटच, हेही ठरलं.
घरात चौघांना साखर आहे,
पाचवा तपासायला घाबरतो.

मी बंदरात कागद सांभाळते.
कंटेनरमध्ये माल भरतात त्याला आमच्याकडे स्टफिंगच म्हणतात :
काय भरलं, किती भरलं, सीलचा नंबर, वजन.
त्या सवयीनं ग्रुपवर लिहून टाकलं,
मंगळवारपर्यंत प्रत्येकानं आपलं सारण कळवावं.

पहिलं उत्तर नणंदेचं.
मटार. पण ताजा, फ्रोजन नको.
(फ्रोजनच आणला. तिला सांगू नका.)
प्रभंजनरावांना खिमा,
आणि त्यांच्या खिम्याचं तेल नणंदेच्या मटाराला लागता कामा नये.
सानिकाला चीज आणि झातर,
मैसाच्या घरी संबूसात घालतात अगदी तस्सं.
नानांना सोडे.
सोडे कुठून आणू मी इथे?
सूकमधल्या बाईनं वाळवलेला कशा दिला, बोटाएवढा मासा,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
नानांनी पुडी नाकाशी धरली, बराच वेळ.
म्हणाले, परका आहे,
पण उन्हातला आहे.

सारंगचा निरोप सगळ्यात शेवटी.
दरवर्षी खिम्यात मिरची कमी पडली म्हणून
अख्खं घर डोक्यावर घेणारा माझा धाकटा दीर.
त्यानं लिहिलं : काहीही चालेल वहिनी,
उरेल ते भर.

रात्री एसी बंद ठेवला, पाऱ्या वाळू नयेत म्हणून.
घाम कोपरावरून पिठात.
मटाराला मुरड घातली,
खिम्याला काट्याचे दात,
चीजला कातणं फिरवलं,
कशाच्या पाठीवर दोन टोचे.
हे सगळं कागदावर लिहून कागद फ्रिजला लावला
आणि सकाळी कुणीतरी त्यावर दुधाचा हिशेब केला.

मग काय व्हायचं ते झालं.
नानांच्या वाट्याला झातर आला, त्यांनी तो औषधासारखा खाल्ला.
सानिकानं माशाची करंजी अर्धी चावून
गुपचूप आत्याच्या बशीत सरकवली.
नणंदेनं मात्र दातेरी कडेची एक उचलली,
चावली, थांबली, गिळली.
मटार छान झालाय, म्हणाली
आणि दुसरीही दातेरीच घेतली.
प्रभंजनराव छताकडे बघत होते.

सारंग हसला सगळ्यांबरोबर,
पण अर्धा क्षण मागून.
बशीतली एकच करंजी तो कधीची फिरवत होता.

कागदावरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळलं नाही
की आम्ही कंटेनर बाजूला घेतो.
आरडाओरडा नाही, भोंगा नाही.
नुसता बाजूला.

जरा कढई धर रे, म्हटलं, तेल गाळायचंय.
मागच्या बाल्कनीत दूरवर जहाजांचे दिवे,
नांगर टाकून आपली पाळी येण्याची वाट बघणारे.
त्यानं गाळणी सरळ धरली
आणि तेलाकडे बघत म्हणाला,
सप्टेंबरपासून घरीच आहे वहिनी.
व्हिसा जानेवारीपर्यंत.
नानांना नको सांगूस.

बरं, म्हटलं.
आणखी काय म्हणणार होते?
तेल अजून गरम होतं.

आत येऊन परातीचा तळ खरवडला.
एका पारीपुरतं पीठ निघालं.
चमचाभर खिमा, चार मटार, चीजचा चुरा,
माशाचा शेवटचा तुकडा,
सगळं एकाच पोटात कोंबून कडा दाबल्या.
हिला खूण कसली घालायची?
तशीच सोडली कढईत.

उभ्यानंच खाल्ली त्यानं, ओट्याशी,
जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं,
म्हणजे भाजल्यामुळेच असणार.
अर्धी संपवून तोंड वाकडं केलं
आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला :
मिरची कमी आहे!